खेड्यातल्या घरात काटकसरीचा हिवाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेड्यातल्या घरी नव्याने राहायला आलेले लोक पहिल्या थंडीत जे विचारतात, आणि जुनी माणसंही दर वर्षी ज्यावरून वाद घालतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना लक्षात येईल की बहुतेक उत्तरं फिरून फिरून पाण्यापाशी येतात. हिवाळ्यातला खर्च थंडीने वाढतो असं आपण म्हणतो, पण हिशेब उलगडून बघितला की त्यात ओलं सरपण, ओल्या भिंती, दमट अंथरूण आणि घरात वाळत घातलेले कपडे निघतात.

सगळं घर गरम ठेवणं परवडत नाही. मग काय करायचं?

ठेवू नका. एक खोली निवडा. शक्यतो छोटी, कमी उंचीची, स्वयंपाकघराला लागून असलेली आणि दुपारचं ऊन येणारी. बाकीच्या खोल्यांची दारं लावून घ्या आणि संध्याकाळचं सगळं बिऱ्हाड त्या एका खोलीत हलवा. अभ्यास, निवडणं-टिपणं, शिवणटिपण, गप्पा, सगळं तिथेच. स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा साधारण १०० वॉटच्या बल्बइतकी ऊब देत असतं. लहान खोलीत चार जण बसले तर ते जाणवतं.

खोली जितकी जास्त तापवाल तितकी ऊब बाहेर पळते, कारण ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात जाते. बाहेर ५ अंश असताना आत २५ अंश राखायला जेवढं जळण लागतं, त्याच्या साधारण निम्म्यात १५ अंश राखता येतात. मधली तफावत अंगावरच्या कपड्यांनी भरून काढायची. मात्र घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हा हिशेब बदलतो. ते पुढे येतं.

वारा नेमका कुठून आत येतो, ते कसं ओळखायचं?

वाऱ्याच्या संध्याकाळी पंखे बंद करा, चूल थंड असू द्या, आणि एक उदबत्ती पेटवून दाराखिडक्यांच्या कडेने अगदी सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असतो. फट आली की तो एकदम आडवा होतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा खिडक्यांवरच संशय होता. धूर आडवा झाला तो उंबऱ्यापाशी, भिंतीतून वायर आत येते त्या भोकापाशी आणि माळ्याच्या झडपेपाशी. खिडक्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

उंबऱ्याशी जुन्या कापडाची वाळू भरलेली लांबट पिशवी ठेवा. बारीक फटींत चिंध्या किंवा कागदाचा लगदा दाबून बसवा. माळ्याच्या झडपेला कडेने जुनं लोकरी कापड चिकटवा. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरची एक फट खालच्या फटींनाही कामाला लावते. वरून ऊब निघून जाते आणि तिची जागा भरायला खालून गारवा ओढला जातो. म्हणून सुरुवात छतापासून करा.

चुलीच्या किंवा शेगडीच्या खोलीतला हवेचा झरोका मात्र कधीही बुजवू नका.

खिडकी उघडली की ऊब जाते ना? मग दिवसभर बंदच ठेवू का?

हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर ऐकून लोक हमखास भुवया उंचावतात: उघडा. सकाळी आणि संध्याकाळी पाच-दहा मिनिटं, समोरासमोरच्या खिडक्या, पूर्ण.

१२ बाय १० फुटांची, ९ फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे ३० घनमीटर हवा मावते. तिचं वजन ३६ किलोच्या आसपास. ती सगळी हवा बाहेर जाऊन १५ अंशांनी गार हवा आत आली, तर ती पुन्हा तापवायला विजेच्या एका युनिटचा सहावा भागही नीट लागत नाही. घराची खरी ऊब भिंतींत, फरशीत आणि सामानात साठलेली असते, आणि दहा मिनिटांत त्या थंड होत नाहीत. दिवसभर चार बोटं उघडी ठेवलेली खिडकी मात्र भिंतीसुद्धा गार करते.

आता मिळतं काय ते बघा. २० अंशांच्या हवेत दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशाच्या हवेत ५ ग्रॅमच. म्हणजे बाहेर धुकं असलं तरी ती गार हवा आत येऊन तापली की कोरडी होते आणि खोलीतली ओल शोषून घेते. झोपलेलं एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. ते बाहेर गेलं नाही तर तावदानांवर आणि भिंतींच्या गार कोपऱ्यांत उतरतं. कपाटामागे बुरशी धरते ती तिथेच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या.

कपडे आत वाळत घातले तर चालतील? आग तशीही पेटलेलीच असते.

आग फुकट आहे असं समजून हे केलं जातं. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत दोन लिटर पाणी सहज असतं. तेवढं पाणी हवेत उडवायला एका युनिटाहून जास्त ऊब खर्ची पडते. ती तुमच्याच खोलीतून जाते, आणि वर ते पाणी भिंतीवर येऊन बसतं ते वेगळंच. गार पण वाऱ्याच्या दिवशी बाहेर आडोशाला, पडवीत वाळत घाला. वेळ लागतो, पण वाळतात. अगदीच अडलं तर एका बंद, न तापवलेल्या खोलीत घालून खिडकी उघडी ठेवा.

सरपण वाळलं की नाही, ते कसं कळतं?

दोन ओंडके एकमेकांवर आपटले की कोरड्यांचा आवाज टणक, मोकळा येतो आणि ओल्यांचा दबका. कापलेल्या तोंडावर मधून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात. साल सुटायला लागते. पण आवाजावर मतभेद होतात. मी वजनावर विश्वास ठेवतो.

नवा ढीग रचताना त्यातले दोन-तीन ओंडके बाजूला काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि पेन्सिलीने वजन आणि तारीख ओंडक्याच्या तोंडावरच लिहा. महिन्याने पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. माझ्याकडचा एक ओंडका २ किलो ४०० ग्रॅम होता, उतरत उतरत १ किलो ६०० ग्रॅमवर येऊन थांबला. म्हणजे ८०० ग्रॅम पाणी उडालं. चार पेले! तो हिरवाच आगीत टाकला असता तर ते चार पेले पाणी मी आगीवर ओतल्यासारखंच झालं असतं.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या खाली हवं. मऊ लाकडाला फोडून रचल्यावर सहा महिने ते वर्ष, कठीण लाकडाला वर्ष ते दोन वर्षं लागतात. न फोडलेला ओंडका साल असेपर्यंत आतून ओलाच राहतो, म्हणून तोडल्या तोडल्या फोडायचा. ढीग जमिनीपासून वर, दगडांवर किंवा फळ्यांवर रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेला ढीग वाळत नाही, घामेजतो. हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणाच्या तरी अंगणात तसा गाठोड्यासारखा ढीग दिसतोच.

ओलं लाकूडही पेटतं की. एवढं काय बिघडतं?

माझ्या त्या ओंडक्यातलं चार पेले पाणी उकळून उडवायला लाकडातल्या एकूण ऊबेच्या दहाव्या भागाहून थोडी कमीच ऊब लागली असती. एवढंच असतं तर मीही गप्प बसलो असतो. खरं नुकसान पुढे आहे. पाण्याने आग गार राहते आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच धुराबरोबर निघून जातात. लाकडातली बरीचशी ऊब त्या वायूंतच असते. ते धुराड्यात थंडावले की आतून काळं, चिकट डांबर साचतं, आणि एखाद्या दिवशी मोठ्या आगीने तेच पेट घेतं. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या, आणि ते मोसमाच्या आधी.

उघडी आग बरी की बंद शेगडी?

बघायला उघडी. खर्चाला बंद. भिंतीतल्या उघड्या आगीसाठी खोलीतलीच हवा धुराड्यातून वर ओढली जाते आणि तिच्या जागी दाराखालून गार हवा येते. म्हणून समोरून चेहरा भाजतो आणि पाठ गारठते. १७९० च्या दशकात काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने आगीची जागा उथळ केली, तिच्या बाजू तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. त्याने ऊब खोलीकडे जास्त वळली आणि धूरही कमी झाला. उघडी आग असेल तर ती विझल्यावर धुराड्याची झडप बंद करायला विसरू नका. पण निखारे पुरते विझल्यावरच.

रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपलं तर?

नाही. दार लावून नाही, खिडकी किंचित उघडी ठेवूनही नाही.

कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. धूर नसलेले लाल निखारे निर्धोक वाटतात आणि फसगत तिथेच होते. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, एकदम गळून गेल्यासारखं वाटणं, ही लक्षणं खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसली तर विचार करत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि डॉक्टरांना गाठा. झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. गॅस, रॉकेल आणि लाकडालाही हाच नियम.

रॉकेलच्या हीटरबद्दल आणखी एक. ज्याला धुराडं नाही अशा हीटरमध्ये एक लिटर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. तापवायला गेलो आणि भिंती ओल्या करून बसलो, असं होतं.

मग रात्री झोपायचं कसं?

खोली नाही, अंथरूण तापवा. १००० वॉटचा हीटर आठ तास सलग चालला तर ८ युनिटं. दीड लिटर गरम पाण्याची रबरी पिशवी ६० अंशांवरून ३० अंशांवर येईपर्यंत देते ती ऊब युनिटाचा विसावा भाग. पायाशी ठेवली तर तेवढी पुरते.

पिशवीत उकळतं पाणी भरू नका. दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा आणि मगच बूच लावा. जाड कापडात गुंडाळा. रबराला चिरा दिसल्या की फेकून द्या, तिथे काटकसर नको. तान्ह्या बाळाजवळ ती ठेवायची नाही, आणि मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्या पायाशीही नाही. भाजलेलं त्यांना कळत नाही.

पांघरुणावर पांघरूण चढवण्याआधी खाली बघा. गादी अंगाच्या वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि फरशी ऊब ओढत राहते. गादीखाली चटई, वर्तमानपत्रांचे थर, वाळलेला पेंढा, काहीही चालेल, कोरडं हवं. सकाळी उठल्या उठल्या अंथरूण गुंडाळून ठेवू नका. अर्धा तास उलगडून ठेवा, रात्रीचा दमटपणा जाऊ द्या. उन्हाच्या दिवशी गोधड्या बाहेर टाका.

कपड्यांचं काय? जाड स्वेटर घेऊ का?

असतील त्या पातळ कपड्यांचे थर घाला. ऊब राखते ती थरांमधली अडकलेली हवा. कष्टाचं काम करताना अंगालगतचा सुती कपडा घामाने भिजतो आणि काम थांबलं की तोच हुडहुडी भरवतो. म्हणून लाकडं फोडायला जाताना आधीच एक कपडा कमी करा आणि परतल्यावर आतला बदला. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून जुना, उसवलेला लोकरी स्वेटर टाकू नका. उसवून त्याचे मोजे होतात.

घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले तर पाय उलट गार पडतात. डोक्यातून निम्मी ऊब जाते हे मात्र खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा भाग जेमतेम. पण बाकी सगळं झाकलेलं असताना तेच उघडं राहतं, म्हणून कानटोपी घालायचीच.

वीज वाचवायला लवकर दिवे घालवतो. बरोबर ना?

उपयोग नगण्य. ९ वॉटचा एलईडी दिवा एका युनिटावर १११ तास चालतो. वीस लिटरची एक बादली पाणी २५ अंशांनी तापवायला ०.५८ युनिट लागतं, म्हणजे तोच दिवा ६४ तास. अंधारात बसून डोळे ताणायचे आणि गरम पाणी वाहू द्यायचं, असा उलटा हिशेब बऱ्याच घरांत चालतो. पाणी काळ्या पिंपात दुपारच्या उन्हाला ठेवा. पाच-सात अंश जरी चढले तरी तेवढं जळण वाचलं.

कमी जळणात स्वयंपाक?

भांड्याला झाकण, धान्य-कडधान्य भिजवलेलं, आणि पेंढ्याचं खोकं. हे खोकं घरी करता येतं. लाकडी पेटारा किंवा मोठी टोपली घ्या, तळाला आणि चहूबाजूंनी वीतभर पेंढा किंवा जुन्या गोधड्या दाबून भरा, मध्ये भांडं बसेल एवढा खळगा ठेवा. भांडं काठोकाठ जवळ भरलेलं असावं. अर्धं रिकामं भांडं लवकर निवतं. दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकणासकट खळग्यात ठेवा, वरून उशी दाबा आणि चार तास विसरून जा. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेकरांनी असंच खोकं मांडलं होतं.

दोन पथ्यं. अन्न ६० अंशांच्या खाली बराच वेळ राहिलं तर जंतू वाढतात, म्हणून खाण्याआधी पुन्हा एक उकळी काढायची. आणि राजमा असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं नीट उकळल्याशिवाय खोक्यात ठेवायचा नाही. त्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही.

बटाटे, कांदे, गाजरं किती दिवस टिकतात?

जागा चुकली नाही तर महिनोन् महिने. बटाटे अंधारात, गार जागी. उजेडाने हिरवे पडलेले खाऊ नका. कांदे कोरड्या, हवेशीर जागी टांगून, आणि बटाट्यांपासून लांब. भोपळा देठासकट, एकमेकांना न टेकता. गाजरांना मात्र ओल लागते: पाला काढून किंचित ओलसर वाळूत थर देऊन ठेवा. या पानावर ओलीची बाजू घेणारं एवढं एकच उत्तर. आठवड्यातून एकदा सगळं हाताळून नासकं बाजूला काढा.

नळ गोठतात. काय करायचं?

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळी फाटते. पारा शून्याखाली जाणार असेल तर बाहेरच्या नळ्या आधीच रिकाम्या करा. बाकीच्यांना चिंध्या गुंडाळा आणि वरून प्लॅस्टिक, कारण भिजलेली चिंधी काही कामाची नाही. गोठलीच तर तोटी उघडी ठेवून तोटीच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं लावत मागे जा. आगीची ज्योत लावू नका.

घरात म्हातारी माणसं आहेत. त्यांनाही १५ अंश चालतील?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवेच्या काळात घरात निदान १८ अंश राखायला सांगितलं आहे, आणि वयस्कर, आजारी माणसं व लहान मुलांसाठी त्याहूनही जास्त लागू शकतं. भिंतीवर साधा तापमापक टांगा. म्हातारपणी थंडी वाजतेय हे उशिरा कळतं, आणि कळलं तरी "मला काय होतंय" म्हणून सांगत नाहीत. बोलणं जड येणं, अडखळणं, पेंगणं, कुडकुडणं अचानक थांबणं ही शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेल्याची चिन्हं असू शकतात. डॉक्टरांना बोलवा, तोवर कोरड्या पांघरुणात गुंडाळून ठेवा.

पैसे कशावर खर्च करावेत?

गळकं छप्पर, धुराड्याची सफाई, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र, आणि पाणी आत न येणारी पादत्राणं. याच क्रमाने. नवा हीटर या यादीत नाही.

संध्याकाळ लवकर होते, करमत नाही.

दुपारी तासभर बाहेर पडा, ढगाळ असलं तरी. खोलीतल्या दिव्यापेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी पटींनी जास्त असतो. आणि उसवलेलं, मोडलेलं, सांधायचं सामान वर्षभर एका टोपलीत टाकत जा. माझी टोपली अजून एकाही हिवाळ्यात रिकामी झालेली नाही.

राखेचं काय करू?

लाकडाची राख अल्कधर्मी असते. आंबट मातीत थोडी थोडी विखरा, बटाट्याच्या वाफ्यात नको. भांडी घासायला चालते. रंग दिलेल्या किंवा औषध मारलेल्या लाकडाची राख मात्र यातल्या कशालाच नको.

चुलीतून काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, दगडावर ठेवा. प्लॅस्टिकच्या बादलीत नाही, पडवीतल्या फळीवर नाही. तीन दिवसांची, वरून पांढरीफटक गार राख मी एकदा काडीने उकरली होती. आत सुपारीएवढा निखारा होता, आणि काडीचं टोक धुमसायला लागलं.